आधी पाणी, मग पावडर

जीप अंगणात वळली तेव्हा द्वारकाबाई भाकरीचा तुकडा नि पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी राहून राहून थकली होती. प्रीतीला, आपल्या लेकीला, आज दवाखान्यातून आणणार म्हणून तिनं उजाडायच्या आत अंगण सारवलं होतं, दाराला आंब्याचा डहाळा बांधला होता आणि इतक्या वेळा रस्त्याकडं मान वळवली होती की गोठ्यातली म्हैसही तिकडंच बघत उभी होती.

आधी जावई उतरला. अनुप मंचेरियलला कोळशाच्या खाणीत फिटर. एरवी पँटीची घडी मोडू न देणारा माणूस. आज त्याच्या शर्टाची बटणं एकेक घर चुकून लागली होती आणि तोंडावर असं हसू होतं की कुणी शिव्या दिल्या असत्या तरी ते पुसलं गेलं नसतं. मग प्रीती उतरली. पांढरीफटक, पण ताठ. कुशीत फडक्यात गुंडाळलेली पाच दिवसांची पोरगी. सगळ्यांत शेवटी चंपत उतरला. तेलंगणातल्या आरटीसीच्या बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केलेला, चालत्या गाडीतून उतरणारा द्वारकाबाईचा नवरा आज जमिनीवर असा पाय टाकत होता जशी काही भुई काचेची आहे. त्याच्या छातीशी एक पिशवी होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी कवटाळली होती.

द्वारकाबाईनं तुकडा ओवाळून टाकला, मायलेकींच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि फडकं बाजूला सारून नातीचं तोंड पाहिलं. हरभऱ्याएवढं नाक, आणि कपाळावर आठ्या, जशी काही हिशेब मागायलाच आली होती. द्वारकाबाईला एकदम हसू आलं ते थांबेचना. प्रीतीही हसू लागली आणि मग पोट धरून म्हणाली, "माय, हसवू नको वं, टाके दुखतात."

"पिशवीत काय हाये?" द्वारकाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"बाटली," चंपत म्हणाला. "नि डबा."

हसू तिथंच थांबलं.

बाळंतपणात प्रीतीला फार रक्त गेलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, आणि त्या अशक्तपणात दूध उतरायला उशीर लागत होता. पोरीचं वजन जेवढं घटायला हवं त्याहून जास्त घटलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं: दर वेळेला आधी आईच्या अंगावर लावा, मग बाटलीनं डब्यातल्या पावडरीचं वरचं दूध द्या. सोमवारी वजनाला आणा. वाढलं नसेल तर लेकराला पुन्हा भरती करू. हे सगळं फोनवर द्वारकाबाईच्या कानावर आलं होतं. पण कानावर येणं वेगळं आणि नवऱ्याच्या छातीशी डबा बघणं वेगळं.

"आज पाचवी हाये," ती विहिणीच्या धाकानं हळूच म्हणाली. "दुपारी ईनबाई येऊन राह्यल्या. त्यायच्यापुढं हे दिसलं नाई पाह्यजे."

"काऊन?" चंपतनं कारण विचारलं.

"काऊन म्हणजे? बाई लग्नात गादीतला कापूस दाबून पाहे. आता म्हणन, पोरगी देली पण दूध माहेरीच ठेवलं."

चंपतला हे पटलं नाही, पण तीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता, की गर्दीत भांडायचं नसतं, पुढच्या थांब्यावर बोलायचं असतं. तो पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला.

या घरात चंपत चहासुद्धा स्वतः करत नव्हता. त्यामुळं त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारून साबणानं कोपरापर्यंत हात धुतले तेव्हा द्वारकाबाई दारातच थांबून बघू लागली. त्यानं बाटली ब्रशनं आतून घासली, चोखायचं रबरी बूच घासलं, मोठ्या पातेल्यात दोन्ही बुडवून गॅसवर ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभा राहिला.

"भात हाये का तो?" द्वारकाबाई म्हणाली. "किती शिजवसान?"

"उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. सिस्टरनं सांगतलं."

"सिस्टर तेलुगूत बोलत होती म्हणे."

"म्हणून तर मलेच सांगतलं. जावई नुसते हसून राह्यले होते." चंपतनं बोट वर केलं. "मुंदु नीळ्ळु, तरवात पोडि. आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं की माप चुकते. तीसच्या रेघेले एक चमचा, साठच्या रेघेले दोन. रास भरायची नाई, दाबायचा नाई, सपाट."

त्यानं उकळून थोडं निवलेलं, पण अजून कढत पाणी साठच्या रेघेपर्यंत ओतलं, बाटली डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला. मग धुतलेल्या सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करून पावडर टाकली. एक. दोन. बूच लावून हलवलं. थंड पाण्यानं भरलेल्या गंजात बाटली बुडवून निववली आणि मनगटावर एक थेंब पाडून डोळे मिटले, जसा देवाचा कौल ऐकतोय.

"कोमट," तो म्हणाला.

आतल्या खोलीत प्रीतीनं पोरीला अंगावर लावलं होतं. पोरगी ओढत होती, थकत होती, पुन्हा ओढत होती. बाटली आत आली तशी प्रीतीनं मुकाट्यानं लेकरू आईच्या मांडीवर दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

द्वारकाबाईनं चार लेकरं वाढवली होती आणि गावातल्या निम्म्या बाळंतिणींचं न्हाणं केलं होतं. पण बाटली हातात धरली नव्हती. तिनं पोरीला मांडीवर सपाट आडवं टाकलं, बोंडल्यानं, तोटीच्या वाटीनं, पाजायची तिची सवय.

"डोकं वर," चंपत म्हणाला. "बाटली जराशी आडवी. बुचात दूध भरलेलं पाह्यजे, नाईतर हवा पोटात जाते."

"मले शिकवून राह्यले तुमी?"

"मी नाई. सिस्टर."

पोरीनं बूच तोंडात घेतलं आणि अशी काही ओढ लावली की द्वारकाबाईच्या हाताला धक्का बसला. गाल आतबाहेर होऊ लागले. मध्येच थांबून पोरीनं डोळे मोठे केले, जसं कुणी हिच्याबद्दल खोटं बोललं होतं, आणि पुन्हा ओढू लागली. चंपत आणि द्वारकाबाई दोघंही श्वास धरून बघत होती. दाराच्या चौकटीला टेकून जावई उभ्या उभ्या झोपला होता आणि झोपेतही हसत होता. द्वारकाबाईला वाटलं, हे घर आज जमिनीवर नाही, चार बोटं वर तरंगतंय.

फक्त भिंतीकडचं एक डोकं वळत नव्हतं.

पोरीनं पाऊण बाटली पिऊन तोंड फिरवलं. द्वारकाबाईनं उरलेलं दूध बघितलं. ओतून द्यायला तिचा हात धजला नाही. चंपत लंगोट वाळत घालायला गेलाय हे बघून तिनं बाटली आणि डबा कपाटात, लुगड्यांच्या मागे ठेवून दिला.

अनुपची आई बयनाबाई दुपारी एकच्या सुमारास आली. धाकटा मुलगा लखन तिला पिकअपनं घेऊन आला होता. इचोड्याला थांबून त्यानं टोपलंभर संत्री घेतली होती आणि त्यातली निम्मी खाल्ली होती. लखन शंभर किलोचा. ओसरीच्या आतल्या खोलीत यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस भुईपासून खिडकीपर्यंत रचला होता. बसायला जागा कुठं म्हणून तो त्या ढिगावर टेकला आणि हळूहळू मानेपर्यंत आत गेला. चंपत नि अनुप दोघांनी हात धरून त्याला वर काढला. दाढीला कापूस चिकटलेला लखन बघून प्रीती आतून म्हणाली, "नका वं, टाके."

बयनाबाई हसली नाही. तिनं पोरीला हातात घेतलं, पावलं पाहिली, ओठ पाहिले, टाळूवर हलकेच तळहात ठेवला. मग अंगणातल्या तारेवर एका रांगेत वाळणारे लंगोट मोजल्यासारखे बघितले.

"सकाळपासून चारच?" तिनं विचारलं.

"दुपारपर्यंत चार," द्वारकाबाई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत होतील." विहीणबाई लंगोट कशाला मोजतेय हे तिला कळेना. खोट काढायची तर लोक भिंती बघतात, भांडी बघतात.

तीननंतर बायका जमू लागल्या. चंपतची थोरली बहीण चंदाबाई आली आणि आल्या आल्या पाटा-वरवंट्याला हळदीकुंकू लावून पूजेचा ताबा घेतला. सटवाईसाठी कोरा कागद नि पेन ठेवलं. सटवाई येऊन कपाळी काय ते लिहिते म्हणतात. यंदा चंदाबाईनं बॉलपेन ठेवलं, शाई संपायला नको म्हणून. स्वयंपाकघर आता बयनाबाईच्या हाती होतं. तिनं आल्या आल्या पदर खोचून गॅसचा ताबा घेतला होता. एका चुलीवर कढी, दुसरीवर बाळंतिणीची खीर. चंपत दोनदा पातेलं घेऊन दारापर्यंत गेला आणि दोनदा परत आला.

"ईनबाई हलून नाई राह्यल्या," तो द्वारकाबाईच्या कानाशी म्हणाला. "मी सांगू का त्यायले?"

"काईच सांगू नका."

आणि तेवढ्यात पोरगी उठली. आधी तोंड इकडंतिकडं फिरवलं, मूठ तोंडात घातली, जिभेनं चाटली. अंगावर लावलं तर थोडा वेळ ओढून तिनं तोंड सोडलं आणि रडायला लागली. बारीक, पण चिवट रडणं. प्रीतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माय," ती म्हणाली, "दे तिले कायतरी."

द्वारकाबाईनं खोलीचं दार ओढून घेतलं आणि कपाट उघडलं. लुगड्यांमागं बाटली होती. पाऊण हिस्सा संपलेली, तळाशी दूध. किती वाजता केलं होतं? अकरा. आता साडेतीन. तिनं स्वतःला समजावलं की सकाळचं दूध संध्याकाळी पाजून आपली चारही लेकरं वाढली. थोडं कोमट पाणी टाकलं की झालं. एवढ्या वेळानं काय होतं. तिनं तांब्यातलं पाणी बाटलीत ओतलं, हलवलं, पोरीचं डोकं कोपरावर घेतलं.

बाटली ओठांपर्यंत नेली आणि तिथंच धरून ठेवली.

दार उघडलं. बयनाबाई खिरीची वाटी घेऊन आत आली. तिनं वाटी खाली ठेवली. एकदा प्रीतीकडं बघितलं, एकदा कपाटाच्या उघड्या दाराकडं, आणि मग बाटलीकडं.

द्वारकाबाईला वाटलं, आता हे घर खाली येतं.

"केवाचं हाये हे दूध?" बयनाबाईनं विचारलं.

द्वारकाबाईच्या तोंडून खरंच निघालं. "सकाळचं."

"तोंड लावलेलं?"

"व्हय."

बयनाबाईनं हात पुढं केला. बाटली घेतली, मागच्या दारानं बाहेर गेली, आणि गोडलिंबाच्या झाडाच्या बुडाशी सगळं ओतून दिलं. परत येऊन रिकामी बाटली द्वारकाबाईच्या हातात ठेवली.

"कढी उतरवते मी," ती म्हणाली. "गॅसवर पाणी ठेवा."

"ईनबाई, म्या तुमच्यापासून..."

"पाणी ठेवा आधी. बोलणं पळून नाई जाऊन राह्यलं."

पोरगी रडत होती. हायसं वाटतंय की लाज वाटतेय, द्वारकाबाईचं तिलाच कळेना. ती स्वयंपाकघरात गेली तर बयनाबाई तिच्या आधीच पातेलं घासत होती. बायका पूजेवरून उठून दारात जमल्या. लखनही आला.

"तुमाले वाटलं मी नाक मुरडीन," बयनाबाई म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "बाटलीले? मी? हा उभा हाये ना लखन, हा बाटलीवर वाढला."

लखननं दारातून मागं सरकायचा प्रयत्न केला. मागे बायका होत्या.

"सवा महिन्याचा होता. मले टायफाईड झाला, अंगावरचं दूध आटलं. खाणीत संप, कॉलनीतली दुकानं बंद. डबा संपत आला. म्या काय केलं, पावडर कमी टाकत गेली, पाणी वाढवत गेली. दोन चमच्याऐवजी एक, मग अर्धा. बाटली तर भरूनच दिसे. हा पीत होता, मले वाटे पोट भरलं. लंगोट ओला होणं कमी झालं, तेही मले कळलं नाई. पाचव्या दिवशी याले रडाले आवाज निघेना."

चुलीवरचं पाणी बुडबुडू लागलं होतं.

"दवाखान्यातल्या डॉक्टरनं मले शिवी नाई देली. नुसती बाटली खिडकीपाशी धरली. त्या दुधातून मले भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता आली." बयनाबाईनं बाटली नि बूच उकळत्या पाण्यात सोडलं. "तवापासून मी कोणाच्याही घरी लहान लेकरू पाह्यलं की आधी लंगोट मोजते. लोकायले वाटते बाई खोट काढते."

मग चंदाबाईनं शंभर किलोच्या लखनकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नंतर मात्र भरपाई केलेली दिसते," ती म्हणाली.

आधी प्रीतीचंच हसू ऐकू आलं, आतून, टाक्यांसकट. मग सगळं घर. लखनही हसला, कारण दुसरं काही करायला जागाच नव्हती. द्वारकाबाई ओट्याला धरून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, आणि कोणत्या कारणानं पुसतेय याचा हिशेब तिनं सोडून दिला होता.

"दहा मिनिटं," चंपत घड्याळाकडं बघत म्हणाला. "तोवर तुमी आणि मी, ईनबाई, एका गाडीतले."

"मी तिकीट काढलेलं हाये, इवाईबुवा," बयनाबाई व्याह्याला म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचे ओठ हलले.

तेवढ्यात चंदाबाई चांदीची वाटी घेऊन पुढं आली. वाटीत मध. "दूध होईस्तोवर लेकरू रडून राह्यलं. बोटभर मध चाटवते. पाचवीले चाटवाच लागते."

या घरात चंदाबाईला नाही म्हणायची पद्धत नव्हती. द्वारकाबाई लग्न होऊन आली तेव्हा लुगडं कसं नेसायचं हेसुद्धा चंदाबाईनं ठरवलं होतं. चंपतनं धाकट्या भावासारखी घड्याळात मान घातली. बयनाबाई पाहुणी, ती द्वारकाबाईकडं बघू लागली.

"नाई चंदाबाई," द्वारकाबाई म्हणाली.

"काय नाई?"

"मध नाई. पाणी नाई, घुटी नाई. वर्षाच्या आत मध बिलकूल नाई, सिस्टरनं सांगतलं. लहान लेकराले त्याचं विष होऊ शकते."

"तुया प्रीतीले मीच चाटवला होता, द्वारके. मेली का ती?"

"तवा आपल्याले माहीत नोतं. आता हाये." ती दारातून हलली नाही. बयनाबाई येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. दोघी मिळून दार भरून गेलं.

चंदाबाईनं दोघींकडं बघितलं, भावाकडं बघितलं. भाऊ घड्याळात बघत होता. मग ती वळली, लखनसमोर गेली आणि म्हणाली, "तोंड उघड."

"मी?"

"मग? या घरात बाटलीवर वाढलेलं मोठं लेकरू तूच हाये. वाटी रिकामी नेणं बरं नाई."

लखननं तोंड उघडलं. चंदाबाईनं बोटानं मध चाटवला, कपाळावर बोट लावलं आणि आशीर्वाद दिला, "शंभर वर्षं जग, पण कापसात बसू नको." या वेळी हसता हसता एक बाई जमिनीवरच बसली.

दूध आता सगळ्यांसमोर तयार झालं. चंपतनं हात धुतले. पाणी रेघेपर्यंत ओतलं, बाटली डोळ्यासमोर धरली. गर्दीला बघून त्याच्या गळ्यात जुना कंडक्टर जागा झाला. "मुंदु," तो म्हणाला.

"नीळ्ळु," बायका म्हणाल्या.

"तरवात?"

"पोडि."

बयनाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून सुरीच्या पाठीकडं बघत होती. दुसऱ्या चमच्याला तिनं त्याचा हात धरला. "कोपरा राह्यला," ती म्हणाली. चंपतनं कोपरा सपाट केला. तीस वर्षांत कुणी त्याची चूक एवढ्या आनंदात त्याला दाखवली नव्हती.

बाटली निवली. द्वारकाबाईनं मनगटावर थेंब पाडला आणि बाटली विहिणीपुढं धरली. "तुमी पाजा, ईनबाई. पहिला मान तुमचा."

बयनाबाईनं मान हलवली. तिनं खोलीच्या दाराकडं बघितलं.

प्रीती दारात उभी होती. पोरगी तिच्या खांद्यावर मुठी चोखत होती. तिनं सगळ्यांकडं बघितलं नाही, फक्त सासूकडं. "आई," ती म्हणाली, "मले वाटलं, बाटली मी हातात धरली तर मग मायं दूध कधीच नाई येणार. धरायचीच नाई असं ठरवलं होतं."

"येईल, नाई येईल, ते शरीर पाहील," बयनाबाई म्हणाली. "अंगावर लावणं सोडू नको. पण पोटात जे जाईल ते तुया हातानं जाऊ दे. तिले तुयं तोंड दिसलं पाह्यजे."

प्रीती ओसरीवर भिंतीला टेकून बसली. एका बाजूला द्वारकाबाई, दुसऱ्या बाजूला बयनाबाई. तिनं पोरीला अर्धवट उभं धरलं, बूच ओठांना लावलं आणि वाट बघितली. पोरीनं तोंड उघडलं तेव्हाच आत दिलं.

"थांबली की तूही थांब," बयनाबाई हळूच म्हणाली. "बाटली खाली कर, श्वास घेऊ दे. तिच्या घाईनं, आपल्या घाईनं नाई."

पोरगी ओढत होती. आईकडं बघत होती, म्हणजे आईच्या दिशेनं, कारण पाच दिवसांच्या डोळ्यांना किती दिसतं कोण जाणे. तिचा चिमुकला हात हवेत फिरला आणि प्रीतीच्या करंगळीवर येऊन बसला, घट्ट.

"माय," प्रीती म्हणाली. तिनं मानेनंच त्या मुठीकडं खूण केली.

बाटलीत थोडं उरलं असताना पोरीनं तोंड फिरवलं. "संपव की बाई, एवढंसं तर हाये," चंदाबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात आता जोर नव्हता, आणि प्रीतीनं बाटली खाली ठेवली होती. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवला. सगळे वाट बघत राहिले, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीची बघतात तशी. ढेकर आला तो आवाजानं लखनचाच वाटावा असा. अनुप झोपेतून दचकून जागा झाला आणि म्हणाला, "हो, आलो."

बयनाबाईनं त्या संध्याकाळी परत जायचं ठरवलं होतं. ती गेली नाही. लखन एकटाच उरलेली संत्री घेऊन गेला.

पुढचे तीन दिवस घरात एक वही फिरत होती. कधी पाजलं, किती पाजलं, लंगोट किती. चंपत दर वेळेला घड्याळ लावून पोरीला उठवायला बघे, आणि बयनाबाई त्याला दारातच अडवी. "ती बस नाई, इवाईबुवा. उठू द्या. मूठ तोंडात गेली की समजा थांबा आला. तीन तास होऊनही उठली नाई तर मग उठवा." दोघंही हट्टी, दोघंही खूश. प्रीतीच्या पदराला रविवारी पहिल्यांदा ओल आली. ती हे कुणाला बोलली नाही. फक्त द्वारकाबाईला बोलावून पदर दाखवला आणि दोघी तोंड दाबून हसल्या.

सोमवारी सकाळी अनुप, चंपत नि प्रीती लेकराला घेऊन आदिलाबादच्या दवाखान्यात वजनाला गेले. घरात दोघी विहिणी उरल्या. त्यांनी ओसरीत बसून कापसातली पानं वेचायला घेतली. मध्येच बयनाबाई उठून फोनची चार्जिंग बघून आली. द्वारकाबाईनं एकच बोंड तीनदा वेचलं.

बारा वाजता फोन वाजला. दोघींचे हात एकदमच गेले. फोन द्वारकाबाईच्या हाती लागला, बयनाबाईनं कान लावला.

"एकशे चाळीस," चंपत म्हणाला. मागून दवाखान्याचा गोंधळ ऐकू येत होता. "एकशे चाळीस ग्रॅम वाढलं. म्या दुसऱ्यांदा ठेवाले लावलं, तरी तेवढंच. भरती नाई. डॉक्टरीणबाई म्हणतात, अंगावरचं वाढून राह्यलं, वरचं हळूहळू कमी करू. आन्..." मागून कुणीतरी पुढचा नंबर पुकारला. "आन् आमी निघालो."

फोन ठेवल्यावर द्वारकाबाईनं ते तीनदा वेचलेलं बोंड ढिगावर टाकलं. मग बयनाबाईनं पायावरचा कापूस झटकला.

"आता बारशाचं पाहू," ती म्हणाली. "नाव मैत्री ठेवू. म्या ठरवलं."

"नाव आत्या ठेवते, ईनबाई. आणि आम्ही वृषाली धरलं हाये."

"वृषाली? माया घराच्या शेजारीच दोन वृषाली हायेत. हाक मारली की तिघी येतील."

"मग येऊ द्या. आणि मैत्री हे काय नाव हाये? उद्या भांडली कोणाशी तर लोक हसतील."

"माया नातीवर हसणारा अजून जन्माले यायचा हाये."

"तुमची एकटीची नात नाई ती."

दोघींचे आवाज चढत गेले. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं. द्वारकाबाईनं तिच्याकडं वळून हात हलवला, काही नाही, चाललंय ते चालू दे, आणि पुन्हा पदर खोचून विहिणीकडं वळली.